मुठेकाठच्या झाडांवर भांडताय, मग धरणाकडेही बघा

पुण्यात नदीकाठ सुधारण्याच्या योजनेपायी काठच्या झाडांचा वाद पेटला की दोनच आवाज ऐकू येतात. एक म्हणतो, "कसली झाडं? सगळं सुबाभूळ आणि झुडपं. काढा आणि नीट बाग करा." दुसरा म्हणतो, "हे नदीचं जंगल आहे, हात लावाल तर खबरदार!" मी मनानं दुसऱ्यांच्यातलाच. पण मुठेपुरतं बोलायचं तर दोघंही झाडं मोजत बसलेत आणि पाण्याचं कुणी विचारत नाही. मुठेकाठी काय रुजेल आणि काय मरेल, हे निम्मंअधिक खडकवासल्याच्या दरवाजांवर ठरतं.

खडकवासला धरण १८७९चं. पण त्यात पाणी मावतं जेमतेम दोन टीएमसी (एक टीएमसी म्हणजे शंभर कोटी घनफूट). म्हणजे ते झाल्यावर हिवाळा-उन्हाळ्याचं वाहणं कालव्यात गेलं, तरी धरण भरलं की पावसाळ्याचं पाणी खाली सोडावंच लागायचं. नदीला तिचे पूर बऱ्यापैकी मिळत होते. खरी गोम पुढे झाली. १२ जुलै १९६१ला खडकवासल्याच्या वरचं पानशेत धरण फुटलं (त्यावर इथं लिहीत नाही, प्रत्येक जुन्या पुणेकराच्या घरात ती कहाणी आहे), मग ते पुन्हा बांधलं, नंतर वरसगाव आलं, टेमघर आलं. आज चारही धरणं मिळून २९ टीएमसीच्या आसपास पाणी अडवतात. जून-जुलैचे पहिले लोंढे वरच्या वर जिरतात. शहरातली मुठा तोवर सांडपाण्यावर जगते. आणि मग एखाद्या दिवशी काही तासांत हजारो क्युसेक (सेकंदाला तितके घनफूट) सोडतात, भिडे पूल पाण्याखाली जातो. २५ जुलै २०२४ला सिंहगड रस्त्याजवळच्या एकतानगरीत घरांत पाणी कसं शिरलं ते सगळ्यांनी पाहिलंय. पाणी ओसरलं की नदी पुन्हा होती तशी.

माणसाला हा पूर मोठा वाटतो. झाडांच्या हिशेबात मात्र तो अवेळी आलेला आणि रित्या हातानं आलेला असतो, कारण गाळ वर धरणातच बसलेला असतो.

वाळुंजाचंच बघा. आपल्याकडच्या नद्यांचं हे अस्सल झाड. त्याचं बी म्हणजे कापसाच्या तंतूला चिकटलेला कण, आयुष्य मोजक्या दिवसांचं. तेवढ्यात त्याला उघडा, ओला, ताजा गाळ मिळाला तर रोप. गवतात पडलं, राडारोड्यावर पडलं, तर संपलं. असा ताजा गाळ दरवर्षी पसरवायचं काम पुराचं. दुसरं झुडूप म्हणजे शेरणी. सह्याद्रीतल्या वाहत्या नद्यांत खडकाच्या फटीत पाय रोवून उभी असते. फांद्या लवचीक, पानं कण्हेरीसारखी अरुंद, अख्खा पावसाळा पाण्याखाली वाकून काढते. तिला लोंढ्याचा त्रास नाही, उलट लोंढा इतरांना उखडून नेतो म्हणून तिला जागा मिळते. ती शहरातल्या मुठेत शोधून दाखवा.

तिच्या जागी काय आलं, ते बघायला डेक्कनच्या खाली नदीपात्रातल्या रस्त्यानं चालत जा. सुबाभळीच्या चपट्या तपकिरी शेंगा झुपक्यानं लोंबत असतात, आणि झाडाखाली बघाल तर तिचीच रोपं इतकी दाट की दुसऱ्या कशाला पाय ठेवायला जागा नाही. मोठ्या फांद्यांवर माणसाच्या डोक्याच्या वर चिंध्या आणि पिशव्या अडकलेल्या. मागच्या विसर्गाचं पाणी कुठवर चढलं, त्याची ती मोजपट्टी. म्हणजे पाणी एवढं आलं, तरी सुबाभूळ जागची हलली नाही. पाण्याशेजारी पाणकणीस आणि जलपर्णी, सांडपाण्याच्या खतावर पोसलेली. वर भरावावर एरंड आणि गाजरगवत. या गाजरगवताची भारतातली पहिली ठळक नोंद १९५०च्या दशकात पुण्यातलीच, तो मान आपलाच! सुबाभूळ तर आपण हौसेनं आणली, चारा आणि जळणासाठी, सत्तर-ऐंशीच्या दशकांत. तेव्हा ते झाड म्हणजे वरदान होतं.

हे फक्त आपल्याकडेच झालं असं नाही. अमेरिकेत कोलोरॅडो नदीवर १९६३मध्ये ग्लेन कॅन्यन धरण झालं. खालच्या ग्रँड कॅन्यनमध्ये त्याआधी, १८८९-९०मध्ये, रेल्वेमार्गाची पाहणी करताना फोटो काढून ठेवले होते. शंभर वर्षांनी संशोधकांनी नेमक्या त्याच जागांवर उभं राहून पुन्हा फोटो काढले. जुन्या फोटोत पाण्यालगत उघडी वाळू, नव्यात हिरवी भिंत. धरणामुळे हिरवळ वाढली! पण त्यात मोठा वाटा झाऊ या परदेशी झुडपाचा. आणि जुन्या पूररेषेवरची मूळची झाडं (त्यांत आपल्या वेड्या बाभळीची चुलत बहीण, जी तिथं घरची आहे) उंचावर अडकून पडलीत, पाणी तिथवर चढतच नाही, रोपं धरत नाहीत. म्हणून 'काठ हिरवा आहे ना' एवढ्यावर मी समाधान मानत नाही.

तिथं त्यांनी १९९६मध्ये मुद्दाम पूर सोडला, सात दिवस ४५ हजार क्युसेक. २०१२पासून त्यासाठी नियमावली आहे, २०२३मध्येही सोडला. वाळूचे काठ पुन्हा उभे राहिले, काही महिन्यांत बरेचसे झिजलेही. झाऊ काही गेला नाही, त्याची मुळं खोल गेली होती. म्हणजे इतक्या वर्षांनी पूर परत दिला की नदी जुनी होते, असा भ्रम मलाही नाही.

तरी माझं म्हणणं असं. चांगल्या पावसाच्या वर्षी खडकवासल्यातून नदीत पाणी सोडावंच लागतं. त्यातलं थोडं आधी, लहान टप्प्यांत, आठवडाभर आगाऊ सांगून सोडा. दुष्काळी वर्षी नको, पिण्याचं पाणी आधी. हे म्हटलं की उत्तर ठरलेलं: नदीपात्रातला रस्ता बंद होईल, गाड्या कुठं लावायच्या? अहो, नदीच्या पोटात पार्किंग केलं आणि आता नदीनं वेळ पाळायची!

आणि काठ सुधारायचाच असेल तर आराखड्यात झाडांच्या यादीआधी पाण्याचं वेळापत्रक दाखवा. कुठल्या महिन्यात किती पाणी, कुठवर चढणार, गाळ कुठं बसणार. भिंत बांधून पात्र आवळलं की वाळुंज लावा नाहीतर वड लावा, ती कुंडीतली झाडं. सुबाभूळ काढायला माझी हरकत नाही, पण एका दमात बुलडोझर फिरवून नको, त्या उघड्या जागेत पहिल्या पावसात तीच पुन्हा येते. टप्प्याटप्प्यानं काढा, मध्ये करंज, उंबर, जांभूळ, वाळुंज धरू द्या.

आता एक काम. कुणाच्या घरी १९६१च्या आधीचे नदीकाठचे फोटो असतील, लकडी पुलाचे, ओंकारेश्वराचे, विठ्ठलवाडीचे, तर खाली टाका. माणसं कोण आहेत ते नाही सांगितलं तरी चालेल. काठ कुठला, साल अंदाजे कुठलं, आणि महिना आठवत असेल तर तोही. फोटोत मागे झाड दिसत असेल तर कापू नका. त्याच जागी जाऊन मी आजचा फोटो काढीन आणि शेजारी लावीन.