जिभेला आवरा

रात्री दोन वाजता पंखा, फ्रिज आणि घरातल्यांचं घोरणं यांच्या मैफलीत एक चौथा कलाकार सामील होतो. चप्, चप्, चप्. परक्याला वाटेल नळ गळतोय. ज्याच्या घरात कुत्रा आहे, त्याला मात्र पंजा चाटण्याचा हा आवाज झोपेतसुद्धा ओळखू येतो. अंधारातच मी "ए!" म्हणून खेकसतो. शांतता. कुशीवर वळेपर्यंत पुन्हा चप्. माझा डोळा लागायची वाट बघण्याची जेवढी चिकाटी या प्राण्याकडे आहे, तेवढी आमच्या गल्लीतल्या चोरांकडेही नसावी.

पंजाचं दुखणं तसं शेंगदाण्याएवढं असतं. त्याचा भोपळा करते ती जीभ. बोटांच्या बेचक्यातली कातडी मुळात नाजूक, त्यात पावसाळा. चाटून ओली झालेली जागा वाळत नाही, ओल्या जागेत यीस्ट नावाची बुरशी आणि जिवाणू संसार थाटतात, त्यांच्यामुळे खाज सुटते आणि खाज सुटली की जीभ हजर. पांढऱ्या किंवा फिकट केसांच्या कुत्र्याचे पंजे विटकरी दिसू लागले, तर तो चिखल नव्हे. लाळेतल्या पोर्फिरिन नावाच्या रंगद्रव्याचे ते डाग असतात. याचा अर्थ कार्यक्रम आपल्या नकळत बरेच दिवस चालू आहे.

हे सगळं समजावून सांगताना समोर एखादी मावशी असतेच. "चाटू दे की रे त्याला! कुत्र्याच्या जिभेत औषध असतं." मावशी, लाळेत जंतू मारणारं थोडंफार काही असतं, हे खरं. पण त्याच तोंडाने त्याने सकाळी कचराकुंडीमागे काय हुंगलं आणि त्यातलं किती चाखलं, हेही मी पाहिलेलं आहे. शिवाय ती जीभ थांबत नाही. अर्धा तास घासली तर बऱ्या कातडीचंही सालपट निघेल.

तेव्हा आधी तपासणी. कुत्रा झोपेला आलेला असताना त्याला कुशीवर आडवा करावा, मोबाइलचा दिवा लावावा आणि एकेक बेचकं उघडून बघावं. खालून, वरून, नखाच्या मुळाशी. काय सापडेल, ते ऋतूवर. पावसाळ्यात बेचक्यात लालभडक ओल आणि बुरसट वास. पावसानंतर टेकडीवर फिरवत असाल तर गवताचं कुसळ. ते बाणासारखं एकाच दिशेने आत सरकतं, परत येत नाही, आणि मग तिथे टपोरा फोड येतो. माळावर सराटे. वर्षभर, बारमाही सेवेत, गोचीड. मे महिन्यात डांबरी रस्त्याने पोळलेली पंजाची गादी. तळहाताची मागची बाजू सात सेकंद रस्त्यावर टेकवून ठेवता आली नाही, तर त्या रस्त्यावर त्यालाही चालवू नये. गंमत म्हणजे आपण पायात चपला घालून त्याला म्हणतो, "चल रे, काय नखरे करतोस!"

एक ढोबळ हिशोब मी फार मानतो. एकच पंजा चाटत असेल तर त्या पंजात काहीतरी आहे. चारही चाटत असेल तर दोष बहुधा पंजांचा नाही. ॲलर्जी, पिसवा, जेवणातलं काहीतरी, नाहीतर फरशीला मारलेलं जरा जास्तच सुवासिक फिनेल.

गोचीड दिसली तर बारीक चिमट्याने कातडीलगत धरून सरळ ओढायची. तिच्यावर रॉकेल ओतणं, उदबत्तीचा चटका देणं हे प्रकार गोचिडीपेक्षा कुत्र्याला महागात पडतात. वरच दिसणारं कुसळही असंच काढावं. पण फोडात रुतलेलं असेल तर सुई घेऊन खोदकाम करू नये. ते डॉक्टरांचं काम. पायाला डांबर चिकटलं असेल तर खायचं तेल चोळून ते मऊ करावं आणि साबणाने धुवावं.

आता धुलाई. अर्धा लिटर पाणी उकळून कोमट करावं, त्यात चहाचा सपाट एक चमचा मीठ. खोलगट डब्यात पंजा पाच मिनिटं बुडवून ठेवायचा. ही पाच मिनिटं घड्याळात मोजलीत तरच पाच असतात, एरवी ती चाळीस सेकंद होतात. ते पाणी त्याला पिऊ देऊ नये. तो पिणारच, म्हणून दुसरा माणूस तोंडाच्या बाजूला बसवावा. मिठाऐवजी पोव्हिडोन आयोडीन हे तपकिरी जंतुनाशक वापरत असाल तर पाण्याचा रंग दूध न घातलेल्या फिकट चहासारखा हवा. गडद केलं म्हणजे गुण जास्त येतो असं नाही, कातडी चुरचुरते आणि बाथरूमची फरशी कायमची आजारी दिसू लागते. दिवसातून दोनदा पुरे.

यानंतरची पायरी बहुतेकांची चुकते आणि तिच्यावरच सगळं अवलंबून आहे: कोरडं करणं. फडक्याने पंजा पुसला म्हणजे झालं, असं नाही. प्रत्येक बेचक्यात सुती कापडाचं टोक घालून टिपायचं. घासायचं नाही. गाद्यांमधले लांब केस बोथट टोकाच्या कात्रीने आधीच कमी केलेले असले तर निम्मं काम हलकं होतं. हेअर ड्रायर गार हवेवर चालतो, पण त्याचा आवाज ऐकून कुत्रा ओल्या पायांनी थेट गादीवर गेला, तर मी जबाबदार नाही.

लावायचं काय? इथे अख्खी सोसायटी वैद्य होते. हळद लावावी तर पंजापेक्षा सोफा लवकर पिवळा होतो. खोबरेल लावलं तर चाटण्याला चव येते. डेटॉल, हायड्रोजन पेरॉक्साइड, टी ट्री तेल, यांपैकी काहीही नको. आपल्या कपाटातलं कुठलंही मलम लावण्याआधी एवढंच आठवावं की ते दहा मिनिटांत पोटात जाणार आहे. त्यात झिंक ऑक्साइड असेल तर तो विषप्रयोगच. आणि कळवळा येऊन आयबुप्रोफेन, डायक्लोफेनॅक, पॅरासिटामॉल यांची अर्धी गोळीसुद्धा द्यायची नाही. पंजा राहील बाजूला आणि यकृत नाहीतर मूत्रपिंड घेऊन धावावं लागेल.

मोजा हा गोड उपाय आहे. बाळाचा सुती मोजा पंजावर चढवायचा आणि वर कागदी चिकटपट्टी हलकेच, मोज्यावरच चिकटवायची. केसांवर चिकटवली तर ती काढताना तुमची मैत्री संपते. रबरबँड कदापि नाही. तो केसांत दिसेनासा होतो आणि कातडीत रुततो. मोजा ओला झाला की बदलायचा आणि घरात कुणीतरी जागं असतानाच ठेवायचा, कारण मोजा गिळणारे कुत्रे असतात आणि आतड्यात अडकलेला मोजा ऑपरेशन करून काढावा लागतो. बाहेर नेताना मोज्यावर धुतलेली दुधाची पिशवी बांधावी, घरी येताच सोडावी. आत पाय घामेजतो. कुत्र्याला घाम येतो तो पंजाच्या गाद्यांनाच.

कडू स्प्रे फवारून बघा, पण आशा कमी ठेवा. कारल्याची भाजी आवडीने खाणारी माणसं असतात, तसे कुत्रेही असतात.

शेवटी सगळे रस्ते नरसाळ्याकडे जातात. गळ्यात बांधायचा तो प्लॅस्टिकचा कोन. मापाचं गणित नीट करावं: पट्टा गळ्यावर बांधल्यावर आत दोन बोटं सरकली पाहिजेत आणि कोनाची कड नाकाच्या शेंड्यापुढे तीन बोटं तरी असली पाहिजे. दुकानदार हमखास एक नंबर लहान देतो, कारण तो "बरा दिसतो". मग कुत्रा पुढचा पाय कडेवरून आत घेतो आणि निवांत चाटतो, वर आपल्याला आडोसाही मिळाला म्हणून खूश. फुगवायचं उशीसारखं कडं पोटावरच्या टाक्यांसाठी ठीक असेल, पंजासाठी निरुपयोगी. आजोबांच्या गुडघ्याच्या एक्स-रे फिल्मचा घरगुती कोनही करून बघतात लोक. पहिल्याच लाथेत वाकतो.

पहिला दिवस लाऊडस्पीकरचा भोंगा घरभर फिरतोय असा जातो. दाराच्या चौकटी, टीपॉय आणि तुमच्या पोटऱ्या यांना सारखाच न्याय मिळतो. जेवणाचं भांडं कोनाच्या तोंडापेक्षा अरुंद घ्यावं आणि उलट्या पातेल्यावर ठेवावं, म्हणजे कोन भांड्याभोवती बसतो. जमत नसेल तर जेवणापुरता काढून समोर बसावं. कोन रोज पुसावा, गळ्याची कातडी घासली जात नाही ना ते पाहावं. आणि जिभेला दुसरी नोकरी द्यावी: स्टीलच्या ताटलीत बिनसाखरेचं दही थापून फ्रीजरमध्ये गोठवायचं. कोन काढून ते पुढ्यात ठेवलं की दहा-पंधरा मिनिटं घरात शांतता.

दोन दिवसांत लाली उतरली नाही, फोड आला, पू दिसला, बोट सुजलं, नख मोडून लोंबलं किंवा पाय टेकवतच नसेल तर डॉक्टर गाठावा. ते चिकटपट्टीने नमुना घेऊन सूक्ष्मदर्शकाखाली बघतील आणि यीस्ट की जिवाणू ते सांगतील. औषधी शाम्पू दिला तर फेस दहा मिनिटं ठेवायचा असतो. अन्नाच्या ॲलर्जीचा संशय असेल तर आठ आठवडे एकच ठरलेलं खाणं. त्या आठ आठवड्यांत आजीच्या हातून पडलेला पोळीचा "एवढासा" तुकडा हिशोब पुन्हा पहिल्यापासून सुरू करायला लावतो, आणि आजीच्या हातून तो रोज संध्याकाळी सहा वाजता पडतो.

पंजा बरा दिसू लागला की लोकांना पहिली दया येते ती रात्री. "झोपू दे बिचाऱ्याला मोकळं." दिवसा कोन काढा, अर्धा तास, एक तास, समोर बसून. रात्री आठवडाभर तरी कोन राहू द्या. आणि तो माळ्यावर गणपतीच्या मखरामागे टाकू नका. दाराच्या खुंटीवर छत्रीशेजारी लटकवा, आषाढ अजून अर्धाही सरलेला नाही.