पेन जवळ असण्याचे परिणाम

आमच्या वसाहतीच्या रहिवासी संघाची मी 22 वर्षे सचिव होते असे सांगितले की ऐकणाऱ्याच्या चेहऱ्यावर आधी आदर उमटतो आणि क्षणभरात त्याची जागा कीव घेते. आदर अनाठायी आहे, कीव मात्र मी नम्रपणे स्वीकारते. कारण मी निवडणुकीला उभी राहिले नव्हते. त्या संध्याकाळी मी केवळ बसले होते, तेही शेवटच्या रांगेत, आणि सभा लांबलीच तर विरंगुळा म्हणून वर्तमानपत्रातले शब्दकोडे घेऊन. कोडे म्हटले की पेन आलेच. मावळत्या सचिवांनी प्रकृतीच्या कारणास्तव राजीनामा दिला होता (पुढे कित्येक वर्षे ते मला रोज पहाटे धावताना दिसत), आणि अध्यक्षांनी विचारले, "आजच्यापुरते इतिवृत्त कोणी लिहून घेईल का? कोणाकडे पेन आहे?" सभागृहातील यच्चयावत माणसांना त्याच क्षणी छताचे सौंदर्य जाणवले. मी तेवढी आडव्या सातव्या शब्दात गुंतले होते. मान वर केली तेव्हा टाळ्या वाजत होत्या. 'आजच्यापुरते' हा शब्द लेखी असता तर पुढे पुरावा म्हणून दाखवता आला असता. पण तो उच्चारला गेला तेव्हा इतिवृत्त लिहिणारे कोणी नेमलेलेच नव्हते.

पहिली दोन वर्षे गणपूर्ती समजून घेण्यात गेली. सभेला ठरावीक संख्येने सभासद हजर नसतील तर ती अर्धा तास तहकूब करावी आणि नंतर जमतील तेवढ्यांवर चालवावी, अशी आमच्या नियमावलीत तरतूद होती. ती लिहिणाऱ्याला मनुष्यस्वभावाची उत्तम पारख असली पाहिजे, फक्त सभासदही ती वाचतील हे त्याच्या लक्षात आले नाही. सभा 6 वाजता असेल तर सगळे 6:30 ला येत, त्यामुळे गणपूर्तीची गरज संपली रे संपली की गणपूर्ती होत असे. एका वर्षी अध्यक्षांनी मोठ्या हुशारीने सूचनापत्रात 5:30 ही वेळ घातली, तेव्हा लोक 7 वाजता आले.

नियमावलीत दुरुस्ती करायची असली की मात्र ही पळवाट चालत नसे. खरोखरीची डोकी लागत. अशा वेळी मी आणि खजिनदार दारोदार फिरत असू. एक सद्गृहस्थ सज्जातून म्हणाले, "मला इथूनच स्वच्छ ऐकू येते, माझी हजेरी लावून टाका." सज्जातील उपस्थिती ग्राह्य धरावी काय, या प्रश्नावर खाली सभागृहात वीस मिनिटे वाद झाला, आणि तो ऐकायला इतके लोक घराबाहेर आले की गणपूर्ती आपोआप झाली. त्या सभेत दुरुस्ती मंजूर झाली. सज्जाचा प्रश्न अद्याप अनिर्णित आहे.

पण माझा खरा छळ इतिवृत्ताने केला. सभेत जे बोलले जाते ते लिहिता येत नाही आणि जे लिहिता येते ते कोणी बोलत नाही, हे कळल्यावर मी एक स्वतंत्र भाषा शिकले. 'श्री. अमुक यांनी सविस्तर मत मांडले' म्हणजे त्यांना दोघांनी हाताला धरून खाली बसवले. 'साधकबाधक चर्चा झाली' म्हणजे शेजारी राहणारी दोन कुटुंबे त्या दिवसापासून एकमेकांशी बोलत नाहीत. 'सभा खेळीमेळीच्या वातावरणात पार पडली' म्हणजे खुर्च्या सभा संपेपर्यंत जमिनीवरच होत्या. एका ज्येष्ठ सभासदांना ही भाषा मान्य नव्हती. आपले शब्द जसेच्या तसे नोंदवले गेलेच पाहिजेत असा त्यांचा आग्रह होता. एकदा मी तो तंतोतंत पाळला. पुढच्या सभेत मागील इतिवृत्त वाचून कायम करण्याची वेळ आली तेव्हा तेच उठले आणि या मजकुराने आपली बदनामी होत असल्याची त्यांनी तक्रार केली. तो मजकूर वगळण्याच्या ठरावाचे सूचकही तेच होते. अनुमोदक मिळायला वेळ लागला, कारण बाकीच्यांना तो पुन्हा एकदा ऐकायचा होता.

खजिनदारांच्या हालअपेष्टा मी येथे सांगत नाही. वर्गणी मागायला जाणाऱ्या माणसाला घराघरांतील गळक्या नळांची जितकी माहिती होते तितकी प्लंबरलाही होत नाही, एवढेच नमूद करते.

कोपऱ्यावरच्या दिव्याची गोष्ट मात्र सांगितलीच पाहिजे. तो बंद पडला आणि सलग चार वर्षे कार्यसूचीवर राहिला. अर्ज गेले, स्मरणपत्रे गेली, उपसमिती नेमली गेली, उपसमितीने बैठक घेतली आणि तिलाही गणपूर्तीअभावी तहकूब व्हावे लागले. मग एका रात्री तो दिवा आपसूक लागला. का लागला हे कोणालाही कळले नाही. निदान एक विषय कमी झाला या आनंदात मी पुढच्या सभेत गेले, तर आयत्या वेळच्या विषयांत समोरच्या घरातील बाईंनी, दिव्याचा उजेड थेट डोळ्यांवर येत असल्याने तो बंद करावा, अशी लेखी मागणी मांडली. त्या उपसमितीच्या सदस्य होत्या.

सुटकेचे माझे तीन प्रयत्न 'पर्याय मिळेपर्यंत' या शब्दांखाली दडपले गेले. अखेर एक नवा तरुण रहिवासी आला आणि त्याने भर सभेत निरागसपणे विचारले, "संघ नेमके काम काय करतो?" छताकडे पाहणाऱ्या सगळ्या नजरा एकदम खाली आल्या. त्याच आठवड्यात मी त्याच्या हाती अकरा नोंदवह्या दिल्या आणि कपाटाची किल्लीही दिली. ती कोणत्या कपाटाची आहे ते मला माझ्या आधीच्या सचिवांनी सांगितले नव्हते.

यंदाच्या वार्षिक सभेला मी शेवटच्या रांगेत बसले होते. त्या तरुणाच्या पेनातली शाई नेमकी संपली आणि तो हताशपणे एकेका रांगेकडे पाहू लागला. मी शब्दकोड्यातून मान वर केली आणि शांतपणे हात उंचावून माझी पेन्सिल दाखवली. पेन्सिलीने लिहिलेले इतिवृत्त ग्राह्य धरू नये, असा ठराव माझ्याच हस्ताक्षरात सातव्या वहीत आहे.