सावकारना बी बाप

दोन वर्षांपूर्वीची आखाजी, म्हणजे अक्षय्य तृतीया. अमळनेर तालुक्यातल्या आमच्या गावी गेलो होतो. पुरणपोळी आणि आमरस हाणून ओट्यावर आडवा झालो होतो, आणि आबा सालदाराचा, म्हणजे वर्षाच्या बोलीवर शेतात राबणाऱ्या गड्याचा, हिशोब करत बसले होते. आमच्याकडे सालदाराचं साल आखाजीला संपतं. उचल किती घेतली, पोळ्याला किती दिले, पोरीच्या दवाखान्याला किती, सगळं चोपडीत तारखेनिशी. सालदार समोर बसून एकेका रकमेला मान हलवत होता.

तेवढ्यात माझ्या क्रेडिट कार्डाच्या बिलाचा मेसेज आला. एकूण बाकी ३९ हजार आणि वर काही, 'मिनिमम ड्यू', म्हणजे कमीत कमी भरायची रक्कम, दोन हजारांच्या आत. दोन हजार टाकले आणि मोबाइल उशाला ठेवला. आबांनी विचारलं, "काय भरलं रे?" सांगितलं. त्यांनी चोपडीचं कोरं पान उघडलं आणि माझाही हिशोब मांडायला घेतला.

दिवाळीत फ्रिज आणि मोबाइल, ४० हजार. व्याज महिन्याला साडेतीन टक्के, म्हणजे १,४००. त्या व्याजावर १८ टक्के जीएसटी, २५२. म्हणजे पहिल्या महिन्याला भरलेल्या दोन हजारांतले १,६५२ असेच गेले आणि फ्रिजचे फिटले ३४८. सहा महिन्यांत १२ हजार भरून मुद्दल उतरलं होतं जेमतेम तेवीसशेनं. आबांनी बेरीज दोनदा केली. मग चष्मा काढून म्हणाले, "हाऊ ते सावकारना बी बाप निंघना."

मला तेव्हा राग आला होता. नंतर वाचलं, तर आबांचं काही चुकलं नव्हतं. महाराष्ट्राच्या २०१४ च्या सावकारी कायद्याखाली परवानाधारक सावकाराला शेतकरी नसलेल्या माणसाकडून विनातारण कर्जावर वर्षाला फार तर १८ टक्के घेता येतात. कार्डाचे साडेतीन गुणिले बारा, ४२. राष्ट्रीय ग्राहक आयोगानं २००८ मध्ये कार्डाचं व्याज ३० टक्क्यांवर नको असं म्हटलं होतं. सुप्रीम कोर्टानं डिसेंबर २०२४ मध्ये तो निकाल रद्द केला. तेव्हा हे ४२ टक्के कायदेशीर आहेत. सही आपण केलेली असते, आणि ती बारीक अक्षरं मीही वाचली नव्हती.

तरी "कार्ड कापून फेका" म्हणणाऱ्यांतला मी नाही. पूर्ण बिल वेळेत भरलं तर ४५-५० दिवसांपर्यंत फुकट पैसे वापरायला मिळतात, याला वाईट कोण म्हणेल? माझं भांडण बिलावरच्या त्या दुसऱ्या आकड्याशी, 'मिनिमम ड्यू'शी आहे. तो भरला की दंड लागत नाही, फोन येत नाहीत, माणसाला वाटतं आपण नियमित आहोत. पण पूर्ण रक्कम भरली नाही की बिनव्याजी मुदतच जाते. मग पुढच्या महिन्यात घेतलेल्या किराण्यावरही घेतल्या दिवसापासून व्याज.

आणि आपल्या खान्देशात हे जास्त बोचतं, असं माझं मत आहे. आपण उधारीला घाबरणारी माणसं नाही. कृषी केंद्रावर बियाणं, खत, औषध घ्यायचं आणि "कापूस निघाला की देतो" म्हणायचं, यात पिढ्या गेल्या. दुकानदारही काही धर्मादाय करत नाही, भावात लावूनच घेतो. पण त्याला माहीत असतं की पैसा दसरा-दिवाळीशिवाय येणार नाही. कार्डाला हंगाम कळत नाही.

माझ्या चुलतभावानं हीच उधारी कार्डावर केली. जूनमध्ये खत कार्डावर घेतलं, पुढे फवारणीच्या मजुरीला त्याच कार्डावर एटीएममधून रोख काढली. रोख रकमेला बिनव्याजी दिवस नसतातच. काढल्या क्षणापासून मीटर सुरू, वरून काढण्याचा चार्ज वेगळा. कापूस घरात येईपर्यंत चार बिलं येऊन गेली होती. नवल म्हणजे त्याच्याकडे किसान क्रेडिट कार्डही होतं. तीन लाखांपर्यंतचं पीककर्ज सात टक्क्यांनी, वेळेत फेडलं तर चार. दोन्हींच्या नावात 'क्रेडिट कार्ड', दोन्ही एकाच पाकिटात. पण किसान कार्डाच्या नूतनीकरणाला बँकेत चार चकरा झाल्या आणि तो कंटाळला. त्याला तरी काय बोलणार? महागडं कार्ड जळगावात रस्त्यावरच्या छत्रीखाली बसलेल्या पोरानं दहा मिनिटांत फॉर्म भरून दिलं होतं.

माझे ते ३७ हजार सातशे बायकोच्या भिशीतून फिटले. ती भिशी तिच्या पाटल्यांसाठी होती. पाटल्या अजून झालेल्या नाहीत, हे ती दर लग्नसराईत सराफ बाजारातून जाताना न बोलता आठवण करून देते.

एक कार्ड बंद केलं. (रिझर्व्ह बँकेच्या २०२२ च्या नियमानुसार बाकी नसेल तर अर्ज केल्यापासून सात कामाच्या दिवसांत कार्ड बंद करावं लागतं, नाहीतर उशिराच्या प्रत्येक दिवसाला ५०० रुपये ग्राहकाला. माझं सहाव्या दिवशी बंद झालं. थोडं वाईटच वाटलं.) दुसऱ्याची लिमिट ३० हजारांवर आणली आणि खात्यातून पूर्ण बिल आपोआप कापलं जाईल असं लावलं. मिनिमम नाही, पूर्ण. तो पर्याय निवडताना नीट बघा, ॲपमध्ये दोन्ही शेजारी असतात.

उद्या अठरा तारीख, बिल कापलं जाण्याची. पेट्रोल, किराणा आणि पोरीची फी धरून ११,३४० रुपये. खात्यात आहेत, आत्ताच बघितलं.