रोजची गाडी, साल १९६४

मी मिशिगनमध्ये राहतो आणि पोटासाठी गाड्यांच्या आपोआप लागणाऱ्या ब्रेकचं सॉफ्टवेअर लिहितो. समोर माणूस, हरीण किंवा दुसरी गाडी आली की ड्रायव्हरला न विचारता गाडीने थांबायचं, एवढं साधं काम. बरीच वर्षं हे केल्यावर नव्या गाडीत निवांत बसता येत नाही. बाकीची मंडळी गाणी ऐकत असतात आणि आपण ‘हे फंक्शन कोणी लिहिलं असेल? शुक्रवारी संध्याकाळी तर नसेल?’ या विचारात. म्हणून गाडी बदलायची वेळ आली तेव्हा मी एकच अट घातली. माझ्या धंद्यातल्या कुणाचाही हात तिला लागलेला नसावा.

ही अट घेऊन मागे मागे जात मी १९६४ पाशी थांबलो. प्लिमथ व्हॅलियंट. चार दारं, सहा सिलिंडर, सायीसारखा रंग. बायकोने फोटो पाहिला. म्हणाली, “छान आहे. पण रोजची कुठली घ्यायची?” हीच रोजची, असं सांगितल्यावर ती काहीच बोलली नाही. आमच्या घरात हे वाईट लक्षण आहे.

डेट्रॉइटच्या आसपास जुन्या गाड्या बाळगणारे उदंड. पण ते गाडी चालवत नाहीत, पुसतात. रविवार असेल, ऊन असेल, पावसाची शक्यता शून्य टक्के असेल, तर त्यांची मस्टँग आइस्क्रीमच्या दुकानापर्यंत जाते आणि घरी आली की पुन्हा पांघरूण घेऊन झोपते. मला ऑफिसला जायचं होतं. इंडियन ग्रोसरीतून वीस पौंडांची कणकेची पिशवी आणायची होती.

विकणारे आजोबा फ्लिंट शहराच्या पलीकडे राहत. गाडी बघायला मी गेलो, पण दाखवण्याचा कार्यक्रम झाला तो माझाच. पोहे तेवढे नव्हते. गॅरेज आहे का? त्याचं दार नीट बंद होतं का? बर्फात चालवणार का? मी धीर एकवटून खिशातून लोहचुंबक काढला. जुन्या गाडीच्या पत्र्यात कुठे लांबी, म्हणजे पुट्टी, भरली आहे ते त्याने कळतं, एवढा अभ्यास करून गेलो होतो. आता मराठी घरात लोहचुंबक असणार ते फ्रिजवर, त्यामुळे निघताना हाताला लागला तो पालीच्या बल्लाळेश्वराचा. बल्लाळेश्वर चारही दारांना चिकटले, डिकीला चिकटले, मागच्या डाव्या चाकावरच्या पत्र्यावर मात्र ठेवले की घसरायचे. “हे कोण?” आजोबांनी विचारलं. “इन्स्पेक्टर,” मी म्हटलं. आजोबांनी किंमत उतरवली.

डोंबिवलीला बाबांना व्हिडिओ कॉलवर गाडी दाखवली.

“कुठली आहे?”

“प्लिमथ.”

बाबांचा चेहरा पडला. “अरे, टॅक्सी घेतलीस?”

त्यांचंही चूक नव्हतं. वालचंद हिराचंदांच्या प्रीमियर ऑटोमोबाइल्सने कुर्ल्यात आधी प्लिमथ बनवणाऱ्या अमेरिकन क्रायस्लर कंपनीच्याच गाड्या जुळवल्या. डॉज, डिसोटो, प्लिमथ. फियाट मागाहून आली. बाबांच्या लहानपणी मुंबईत ही धूडं टॅक्सी म्हणून फिरत, आणि भाऊच्या धक्क्यावर उतरलेलं अख्खं कोकणी कुटुंब वळकट्या, फणस आणि एका रडक्या पोरासकट एकाच टॅक्सीत मावायचं. मुलगा शिकून अमेरिकेला गेला आणि त्याने तीच घेतली. “ॲव्हरेज काय देते?” बाबांनी शेवटची आशा म्हणून विचारलं. “लिटरला साडेसात,” म्हटल्यावर त्यांनी फोन आईकडे दिला.

कागदपत्रांचं थोडक्यात सांगतो. मिशिगनमध्ये २५ वर्षांहून जुन्या गाडीला ऐतिहासिक नंबरप्लेट स्वस्तात मिळते. पण मग ती गाडी क्लबचे कार्यक्रम, प्रदर्शनं आणि मिरवणुका यांसाठीच काढायची. एरवी फिरायला फक्त ऑगस्ट महिना मोकळा. हौशी गाड्यांचा विमाही असतो, पण तो घ्यायचा तर आधी दाखवायचं की आमच्याकडे रोजची दुसरी गाडी आहे. माझी रोजची हीच. तेव्हा साधी प्लेट, साधा विमा. विमेवाल्याने ‘१९६४’ हा आकडा मला पुन्हा पुन्हा म्हणायला लावला.

आता गाडी. २२५ घनइंचांचं, म्हणजे ३.७ लिटरचं इंजिन. याला ‘स्लँट सिक्स’ म्हणतात, कारण सिलिंडर सरळ उभे नसून ३० अंशांत कलते बसवले आहेत. तेवढंच बॉनेट ठेंगणं राहतं. या इंजिनाची ख्याती अशी की ते मरत नाही. हे अगदी खरं आहे. त्याच्या आजूबाजूचं सगळं मरतं, आणि ते मधोमध टुकटुकीत बसून असतं.

सकाळी किल्ली फिरवण्याआधी ॲक्सिलरेटर दोनदा दाबायचा. थंडी असेल तर तीनदा. चौथ्यांदा दाबला की कार्ब्युरेटर पेट्रोलने तुडुंब भरतो आणि मग दहा मिनिटं स्टिअरिंगवर बोटं वाजवत बसायचं. गिअरचा दांडा नाही. स्टिअरिंगच्या डाव्या हाताला डॅशबोर्डवर पाच बटणं आहेत, आणि पार्किंगला शेजारी वेगळा खटका. क्रायस्लरने ही बटणं १९५६ च्या मॉडेलांत आणली आणि १९६४ नंतर गुंडाळली. एका लग्नाच्या हॉलवर गाडी लावून ठेवणारा पोरगा किल्ली घेऊन आत बसला, दोन्ही हातांनी गिअर चाचपडला, खाली वाकून बघितला, आणि किल्ली अदबीने मला परत करून म्हणाला, “सर, कोणीतरी काढून नेलाय.” हेडलाइटचं अपर-डिपर डाव्या पायाने. पॉवर स्टिअरिंग नाही, त्यामुळे पार्किंग झाल्यावर मला जिमला जावं लागत नाही. चारही चाकांना ड्रम ब्रेक. ते लागतात. गाडी थांबते. कुठे थांबते एवढाच प्रश्न असतो. दिवसभर ऑफिसात मी मिलिसेकंदांवरून लोकांशी भांडतो आणि संध्याकाळी सिग्नल दिसला की अर्धा फर्लांग आधीपासून दाबायला घेतो.

हे सगळं अंगवळणी पडतं. पडत नाही तो पेट्रोलपंप.

इतकी वर्षं मी या देशात पेट्रोल भरलं, कुणी ‘कोण तू’ म्हणून विचारलं नाही. मला ते फार आवडायचं. आता नळी टाकीत घातली की शेजारच्या पंपावरचा माणूस सावकाश येतो, खिशात हात घालून गाडीभोवती एक चक्कर मारतो आणि म्हणतो, “माझ्या काकाकडे हीच होती.” मिशिगनमध्ये प्रत्येकाला काका आहे आणि प्रत्येक काकाकडे हीच होती. पुढचं मला पाठ आहे. काका पॉन्टिॲकला राहायचा, काकाची निळी होती, काकूने ती विकली. काकूवर अजून राग आहे. एकदा एक गृहस्थ काकाच्या दफनविधीपर्यंत पोचले आणि त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. टाकी केव्हाच भरली होती, पण रडणाऱ्या माणसासमोर नळी कशी काढायची? ऑफिसात “उशीर का?” विचारलं की मी “काका” एवढंच सांगतो. त्यांना वाटतं, माझं कुटुंब फार मोठं आहे.

पार्टच्या दुकानातला पोरगा त्या मानाने कोरडा. साल विचारतो. १९६४ म्हटलं की पडद्यावरची सालांची यादी खाली खाली ओढत राहतो, त्याचा स्वतःचा जन्म मागे पडतो, त्याच्या आईचा मागे पडतो. मग विचारतो, “फोर व्हील ड्राइव्ह आहे का?” नाही. “एअर कंडिशनिंग?” काचा खाली होतात. पण वस्तू मिळते! ऑइल फिल्टर, स्पार्क प्लग सगळं फळीवरच. प्लिमथ नावाची गाडी बनणं २००१ मध्ये बंद झालं आणि तिचा फिल्टर कोपऱ्यावरच्या दुकानात आहे. माझ्या चार वर्षांच्या फोनचा चार्जर मिळत नाही.

नट मात्र जपून. एका पावसाळी संध्याकाळी महामार्गाच्या कडेला डावं पुढचं चाक बसलं. मदतीला फोन केला. दणकट तरुण आला, त्याने हवेवरची गन नटाला लावली आणि चालवली. नट हलेना. आणखी जोर लावला. मी मागून सांगायचा प्रयत्न करत होतो, पण गनच्या आवाजात माझं कोण ऐकतो. ‘टण्’ असा आवाज आला आणि बोल्टाचा तुकडा त्याच्या हातात. क्रायस्लरच्या त्या काळच्या गाड्यांना डाव्या बाजूच्या चाकांचे आटे उलटे असत. गाडी पुढे जाताना नट सैल होऊ नयेत म्हणून. बोल्टवर बारीकसं ‘एल’ हे अक्षरही कोरलेलं असतं. हे ऐकून तरुणाने माझ्याकडे असं पाहिलं की आटे मीच रात्री उठून उलटे केले असावेत. “हे लिहून ठेवायला पाहिजे,” तो म्हणाला. लिहिलंय, म्हणून मी एल दाखवला. त्याने तो कुणाच्या तरी नावाचं आद्याक्षर समजला होता.

तरी हे काहीच नाही. ऑगस्टमधला तो शनिवार सांगतो.

डेट्रॉइटहून वर पॉन्टिॲकला जाणारा वुडवर्ड ॲव्हेन्यू हा रस्ता. त्यावर १९९५ पासून दर ऑगस्टच्या तिसऱ्या शनिवारी जुन्या गाड्यांची यात्रा भरते, तिला ‘वुडवर्ड ड्रीम क्रूझ’ म्हणतात. हजारो गाड्या मैलोन् मैल मुंगीच्या पावलांनी चालतात आणि लोक घडीच्या खुर्च्या टाकून दुतर्फा बघत बसतात. मला हे माहीत होतं. पण इथल्या मराठी बायकांची मंगळागौर सगळ्यांच्या सोयीने शनिवारीच होते हेही माहीत होतं, आणि ती त्या वर्षी याच रस्त्यावरच्या फर्नडेलला होती. बायको नऊवारीत, नथ, मांडीवर पुरणपोळ्यांचा डबा. शेजारच्या रस्त्याने जाऊ म्हणून निघालो, पोलिसाने आमच्या गाडीकडे एक नजर टाकली, हसून सलाम ठोकला आणि आम्हाला थेट मिरवणुकीत घुसवलं.

टाळ्या! दुतर्फा टाळ्या! लोक उभे राहून फोटो काढत होते. बायकोला आधी संकोच वाटला, मग तिने नथ सरळ केली आणि ती हात हलवायला लागली. एक म्हातारी ओरडून विचारत होती, “ड्रेसही त्याच काळातला का?” “त्याच्याही आधीचा!” बायकोने उत्तर दिलं.

आणि गाडी बंद पडली. उकाड्यात, रेंगाळत चालताना, हल्लीचं इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल गरम नळीतच उकळतं, त्याची वाफ होते आणि पंपाला ओढायला काही उरत नाही. बॉनेट उघडायच्या आत खुर्च्यांवरून सात-आठ म्हातारे उठून आले. इतकी वेगवान मदत मला कुठल्याही हॉस्पिटलात मिळालेली नाही. प्रत्येकाचं निदान वेगळं, इलाज मात्र सगळ्यांचा एक. एकाने आपल्या गाडीतून कपडे वाळत घालायचे लाकडी चिमटे आणले आणि पेट्रोलच्या नळीवर ओळीने लावून टाकले. चिमट्यांनी नळी थंड राहते यावर त्यांची श्रद्धा आहे. मी इंजिनिअर, मला हे पटायला नको होतं. पण तोपर्यंत बायकोने सगळ्यांना पुरणपोळ्या वाटल्या होत्या, त्या खाऊन संपेपर्यंत इंजिन निवलं आणि गाडी सुरू झाली. श्रेय चिमट्यांना गेलं. फर्नडेलला पोचलो तेव्हा मंगळागौरीचे खेळ संपून बायका फुगड्यांनी दमून बसल्या होत्या आणि डब्यात दीड पोळी होती.

नोव्हेंबरात शेजारचे निवृत्त आजोबा आले. उभा जन्म असेंब्ली लाइनवर गेलेला माणूस. त्यांनी दारातूनच सांगितलं, ‘ही गाडी मिठात गेली तर आपलं बोलणं बंद.’ इथे हिवाळ्यात बर्फ वितळावा म्हणून रस्त्यांवर मीठ ओततात, आणि ते मीठ पत्रा खातं. डेट्रॉइट शहराच्या पोटातच, सुमारे १,२०० फूट खाली, मिठाची प्रचंड खाण आहे. वर गाड्या बनवायच्या, खाली त्यांना खाणारं मीठ ठेवायचं, अशी सोय दुसऱ्या कुठल्या शहराने केली असेल असं वाटत नाही.

तेव्हा हिवाळ्यापुरती एक जुनाट जपानी गाडी आणली. ती किल्ली फिरवली की सुरू होते. तिच्याबद्दल सांगण्यासारखं एवढंच. पण ती आल्याबरोबर आम्ही हौशी विम्याला पात्र झालो, आणि तो निम्म्याहून स्वस्त. मी फोन करून अटी विचारल्या.

“व्हॅलियंट ऑफिसला नेता येईल का?”

“नाही.”

“किराणा आणायला?”

“शक्यतो नको.”

बायको शेजारी उभी होती. तिने फोन ओढून घेतला. “धार्मिक कार्यक्रमाला?”

पलीकडच्या बाईंनी आम्हाला थांबायला सांगितलं, बराच वेळ संगीत ऐकवलं आणि परत येऊन म्हणाल्या की धार्मिक असं काही लिहिलेलं नाही, पण क्लबचा कार्यक्रम असेल तर चालेल.

त्याच संध्याकाळी बायकोच्या व्हॉट्सॲप ग्रुपचं नाव ‘मंगळागौर २’ होतं, ते ‘मंगळागौर मोटार क्लब’ झालं. आता दर शनिवारी कार्यक्रम असतो. मला ड्रायव्हर म्हणून घेतलं आहे, सभासद म्हणून नाही.