व्हॉल्व्ह अ‍ॅम्पच्या त्या "पाच सोप्या ट्रिक" वाचून

आठवडाभर एक फॉरवर्ड फिरतोय, घरी बनवलेला, जुन्या काचेच्या नळ्यांचा म्हणजे व्हॉल्व्ह अ‍ॅम्प पहिल्यांदा कसा चालू करायचा त्याचा. थेट प्लग लावा, स्पीकर नंतर जोडा, हम (घूंऽऽ असा आवाज) आला तर अर्थिंगची वायर काढा, व्हॉल्व्ह लाल झाला तरच बंद करा, आणि बंद केला की लगेच आत हात घातला तरी चालतो. सोलापुरातल्याच तिघांनी मला पाठवून विचारलं, काय बे, बरोबर आहे का हे? नाही बे.

"थेट प्लग लावा." माझ्या पहिल्या अ‍ॅम्पला फिल्टरचा, म्हणजे सप्लायचा चार्ज साठवणारा, कंडेन्सर मी उलटा लावलेला. सिरीज बोर्डवर, म्हणजे वीज आधी बल्बातून जाऊन मग पुढं जाते त्या बोर्डवर, ४० वॅटचा जुना तारेचा बल्ब होता, तो ढणढण पेटला आणि विझेचना, म्हणून कळलं. सगळं ठीक असलं की बल्ब क्षणभर उजळून मंद होतो. थेट लावला असता तर कंडेन्सर फुटून छताला गेला असता. एलईडी बल्ब यात चालत नाही, तारेचाच पाहिजे.

स्पीकर नंतर? ट्रान्झिस्टरच्या अ‍ॅम्पला चालतं ते. इथं उलटं आहे, आउटपुट ट्रान्सफॉर्मरची सेकंडरी (स्पीकरकडची बाजू) मोकळी ठेवून सिग्नल दिला तर प्रायमरीवर (व्हॉल्व्हकडच्या बाजूवर) एवढं व्होल्टेज चढतं की आतलं इन्सुलेशन फुटू शकतं. स्पीकर खराब व्हायची भीती वाटते तर ८ ओमचा १० वॅटचा रेझिस्टर लावा की.

अर्थिंगचं तर वाचून डोकंच फिरलं. लोखंडी चासी (अ‍ॅम्पचा सांगाडा) आहे राव, आत कुठं २३० ची वायर टेकली तर फ्यूज उडायला अर्थिंगच लागतं, नसेल तर चासीच २३० वर, आणि व्हॉल्यूमच्या नॉबवर तुमचा हात. हम घालवायचा तर हीटरच्या (व्हॉल्व्ह तापवणाऱ्या) वायरी एकमेकींभोवती पिळून घ्या, ६.३ व्होल्टच्या दोन्ही टोकांपासून १००-१०० ओमचे रेझिस्टर चासीला द्या, बराच कमी होतो.

लाल व्हायची वाट कशाला बघायची? ईएल ८४ या स्पीकर चालवणाऱ्या व्हॉल्व्हला कॅथोडच्या पायाला जोडलेल्या १३५ ओमच्या रेझिस्टरवर मीटर लावा. सप्लाय २५० व्होल्ट असताना तिथं ७ व्होल्टच्या आसपास दिसले म्हणजे ५० एक मिलीअँप, बरोबर. १०-११ दिसले तर बंद करा, या व्हॉल्व्हच्या प्लेटची मर्यादाच १२ वॅट आहे, आणि आधी कपलिंग कंडेन्सर (आधीच्या व्हॉल्व्हकडून सिग्नल आणणारा) लीक आहे का बघा.

आता ते शेवटचं. मे महिना, दुपारी व्हॉल्व्ह काढून नुसता सप्लाय तपासत होतो, २५०-०-२५० चा ट्रान्सफॉर्मर, मीटरवर ३५५ व्होल्ट. प्लग काढला, आत जाऊन कडक भाकरी आणि शेंगाचटणी निवांत खाल्ली, येऊन सहज मीटर टेकवला तर कंडेन्सरवर अजून १४० व्होल्ट! व्हॉल्व्ह गरम असतील तर तेच चार्ज पिऊन टाकतात, इथं प्यायला कोणी नव्हतं. तेव्हापासून त्या १०० मायक्रोफॅरडच्या कंडेन्सरला समांतर २२० के (२२० हजार ओम), २ वॅटचा रेझिस्टर कायमचा डाकलेला असतो, दीड मिनिटात १० व्होल्टच्या खाली येतं, तरी हात घालायच्या आधी मीटर लावतोच. आणि स्क्रूड्रायव्हरनं शॉर्ट करा म्हणणाऱ्यांसाठी, टोक वितळलेला एक पडलाय माझ्याकडं, न्यायचा असेल तर न्या.