आमच्या दारावरचा 'डी'

गेल्या ऑक्टोबरात आमच्या इमारतीच्या पुढच्या दारावर मी स्वतःच्या हाताने एक कागद लावला. इमारत ऊर्जा किती जपून वापरते, त्याचा हा शहराने ठरवलेला दर्जा. त्यावर भलंमोठं 'डी' छापलेलं आहे आणि शेजारी आकडा, ४१. वर्षभरापूर्वी त्याच जागी 'ए' होता. दोन दिवसांत बोर्डाच्या ईमेलवर सतरा पत्रं आली. 'एका वर्षात आपण एवढे कसे घसरलो?' इथपासून 'घरांच्या किमती पडतील, तो कागद आधी काढा' इथपर्यंत. इथल्या आपल्या मराठी मंडळींपैकीही काहींनी विचारलं. तुमच्यातले बरेच जण अशाच को-ऑपमध्ये राहता, दोघं-तिघं बोर्डावर आहात, म्हणून एकदाच सविस्तर लिहिते.

मी न्यूयॉर्कच्या क्वीन्समध्ये राहते. इमारत १९५०च्या दशकातली, सहा मजली, बहात्तर घरं, साठ हजार चौरस फूट. को-ऑप म्हणजे साधारण आपल्याकडच्या सोसायटीसारखाच प्रकार, मालकी सगळ्यांची मिळून आणि कारभार निवडून दिलेल्या बोर्डाचा. सहा वर्षं मी खजिनदार आहे.

शहराचा २००९चा एक कायदा आहे, लोकल लॉ ८४. मोठ्या इमारतींनी मागच्या वर्षात किती वीज, गॅस, तेल, पाणी वापरलं ते दरवर्षी १ मेपर्यंत शहराला कळवायचं. आधी हा नियम पन्नास हजार चौरस फुटांवरच्या इमारतींना होता, नंतर तो पंचवीस हजारांपर्यंत खाली आणला. माहिती 'एनर्जी स्टार पोर्टफोलिओ मॅनेजर' या सरकारी साइटवर भरायची. देशभरातल्या तशाच इमारतींशी तुलना होऊन १ ते १०० मधला गुण मिळतो, आणि २०२०पासून तो अक्षर होऊन दारावर लागतो. ८५ आणि वर असेल तर ए, ७०पासून बी, ५५पासून सी, त्याखाली डी. माहितीच भरली नाही तर एफ.

तर आम्ही घसरलो नाही. आम्ही पहिल्यापासून डीच होतो.

झालं असं की हा फॉर्म इतकी वर्षं आमचे तेव्हाचे मॅनेजिंग एजंट, म्हणजे पगारी कारभार बघणारे, भरत होते. आमच्या तळघरात गॅसची दोन मीटर आहेत. एक सगळ्या स्वयंपाकघरांच्या शेगड्यांचं आणि दुसरं बॉयलरचं. फॉर्ममध्ये फक्त शेगड्यांचं खातं जोडलेलं होतं. संपूर्ण हिवाळा बहात्तर घरांना ऊब देणारा बॉयलर शहराच्या लेखी अस्तित्वातच नव्हता! इमारतींच्या कार्बनला मर्यादा घालणारा नवा कायदा, लोकल लॉ ९७, त्याचा पहिला अहवाल २०२५मध्ये द्यायचा होता आणि त्यावर नोंदणीकृत इंजिनियर किंवा आर्किटेक्टची सही लागते. आम्ही बोलावलेल्या बाईंनी कागद बाजूला ठेवले, टॉर्च घेतला आणि सरळ तळघरात गेल्या. दहाव्या मिनिटाला त्यांनी मला विचारलं, "हे दुसरं मीटर कुठल्या खात्यावर आहे?"

मला तेव्हा फार वाईट वाटलं. बॉयलरच्या गॅसचं बिल दर महिन्याला मीच मंजूर करत होते. जानेवारी-फेब्रुवारीचा आकडा बघून दरवर्षी पोटात गोळा यायचा. पण ते बिल आणि दारावरचा 'ए' शेजारी शेजारी ठेवून बघावं, हे मला कधी सुचलं नाही. एजंटकडून चूक झाली हे खरंच, पण इमारत आमची आहे, आणि आमच्या नावाने काय भरलं जातंय हे बघणं आमचं काम होतं.

बोर्डाच्या बैठकीत एका सदस्यांनी सुचवलं की इतकी वर्षं कुणी विचारलं नाही, तर आणखी थोडं चालू द्या. हे म्हणणारा माणूस वाईट नाही, त्याला आपल्या घराच्या किमतीची काळजी आहे. पण मी त्याला पुढचं गणित मांडून दाखवलं, तेच इथे देते.

लोकल लॉ ९७ हा २०१९चा. शहरातून हवेत जाणाऱ्या कार्बनपैकी सुमारे दोन तृतीयांश इमारतींमधून जातो, म्हणून प्रत्येक मोठ्या इमारतीला वर्षाची मर्यादा घालून दिली आहे. आमच्यासारख्या राहत्या इमारतीला २०२९पर्यंत दर चौरस फुटाला ६.७५ किलो, म्हणजे आम्हाला वर्षाला ४०५ टन. २०३०पासून ती निम्म्यावर येते, सुमारे २०१ टन. मर्यादेच्या वर जाणाऱ्या प्रत्येक टनाला २६८ डॉलर दंड, तोही दरवर्षी. आमचा खरा वापर साधारण ४५ हजार थर्म (गॅस मोजायचं इथलं एकक) गॅस आणि तीन लाख युनिट वीज. त्याचे आजच्या हिशोबाने ३२६ टन होतात, म्हणजे आत्ता आम्ही बसतो. २०३०साठी कायद्याने वीज आजच्यापेक्षा बरीच स्वच्छ धरली आहे, तरी आमचे २८२ टन उरतात, कारण गॅस जाळला की त्याचा कार्बन तेवढाच. वरचे ८१-८२ टन गुणिले २६८, म्हणजे वर्षाला जवळपास २२ हजार डॉलर. घरटी तीनशे.

बॉयलर वगळलेल्या आकड्यांवर आम्ही २०३०च्या मर्यादेच्याही निम्म्यात बसलो असतो. मग कुणी कशाला एक पैसा बाजूला ठेवला असता? पाच वर्षांनी एखाद्या तपासणीत हे निघालं असतं तेव्हा हाताशी ना पैसे असते ना वेळ. आमच्या इमारतीत पेन्शनवर जगणारी पंधरा-वीस माणसं आहेत. त्यांना एका रात्रीत वाढीव मेंटेनन्सचं पत्र पाठवायची वेळ माझ्यावर येऊ नये, एवढ्यासाठी मला तो 'डी' हवा होता. मतदान झालं आणि चार विरुद्ध एक मतांनी आम्ही माहिती दुरुस्त केली.

आता तळघराबद्दल, कारण खरा विषय तिथे आहे.

आमचं हीटिंग वाफेचं आहे, एकाच नळाचं. त्याच नळातून वाफ वर जाते आणि त्याच नळातून तिचं पाणी होऊन खाली येतं. बॉयलर थंड असताना सगळ्या नळांत हवा भरलेली असते, आणि ती बाहेर पडल्याशिवाय वाफेला शिरायला जागा नसते. यासाठी प्रत्येक रेडिएटरला, म्हणजे वाफेने खोली तापवणाऱ्या लोखंडी पेटाऱ्याला, अंगठ्याएवढा, चांदीच्या रंगाचा व्हेंट असतो, हिवाळ्यात फुसफुसतो ना, तोच. आणि तळघरात मुख्य नळांच्या टोकाला मोठे व्हेंट असतात. आमच्याकडे असे चार. आमच्या सुपरने, म्हणजे इमारतीची देखभाल करणाऱ्या माणसाने, शिडी लावून एकेक तपासला तर तीन ठार बंद! कधीतरी तळघर रंगवताना त्यांच्यावरही ब्रश फिरला होता. मी बोटाने खरवडून पाहिलं, रंगाचे तीन थर निघाले, पांढरा, हिरवट आणि पुन्हा पांढरा.

त्यामुळे मुख्य नळातली सगळी हवा घराघरांतल्या त्या चिमुकल्या व्हेंटमधून बाहेर पडायची. बॉयलरजवळच्या घरांत दहा मिनिटांत वाफ पोचायची आणि मागच्या बाजूच्या घरांना पाऊण तास लागायचा. इथे १ ऑक्टोबर ते ३१ मे हा हीटिंगचा काळ. बाहेर ५५ अंश फॅरनहाइटच्या खाली गेलं की दिवसा घरात ६८ द्यावंच लागतं, तसा कायदा आहे. मागची मंडळी गारठून सुपरला फोन करायची आणि सुपर बिचारा बॉयलर जास्त वेळ चालवायचा. मग पुढच्या घरांची भट्टी व्हायची. चौथ्या मजल्यावर कोलंबियाच्या एक आजी राहतात. जानेवारीत त्यांच्याकडे गेले तर खिडकी सताड उघडी, पडदा बाहेर फडफडतोय आणि आत थर्मामीटरवर ८३, म्हणजे २८ सेल्सियस. आजी सुती झग्यात. "पोरी, बंद केली तर मला श्वास घेता येत नाही गं," म्हणाल्या. त्याच वेळी तळमजल्यावर मागे एक नर्स रात्रपाळी करून आलेली, अंगात कोट घालून झोपलेली.

आमचे पैसे आजींच्या त्या खिडकीतून बाहेर जात होते. अशा खिडक्या या शहरात हिवाळ्यात कुठेही मान वर करून पाहिलंत तर दिसतील.

गेल्या सप्टेंबरात आम्ही मोठे व्हेंट बदलले, घरांतले बिघडलेले व्हेंट बदलले, तळघरातले उघडे नळ गुंडाळले आणि दहा घरांत तापमापक बसवून बॉयलर त्यांच्या सरासरीवर चालवायला घेतला. नव्या बॉयलरला जे पैसे लागतात त्याच्या पासंगालाही हा खर्च पुरत नाही. या जानेवारीत आजींची खिडकी बंद होती. मी दोनदा मुद्दाम रस्त्यावर उभी राहून पाहिली. एवढ्याने २०३० गाठता येणार नाही, हे मला ठाऊक आहे. त्यासाठी हीट पंप (गॅस न जाळता विजेवर घर तापवणारं यंत्र) किंवा असंच काही मोठं करावं लागेल आणि तो खर्च आमच्यासारख्यांना जड जाणार आहे. क्वीन्समधल्याच ग्लेन ओक्स व्हिलेज या मोठ्या को-ऑपने या कायद्याला २०२२मध्ये कोर्टात आव्हान दिलं होतं, मे २०२५मध्ये राज्याच्या सर्वोच्च कोर्टाने कायद्याच्या बाजूने निकाल दिला. त्यांची तक्रार मला पूर्ण चुकीची वाटत नाही. मध्यमवर्गीय को-ऑपला स्वस्त कर्ज हवं, मुदत हवी, आणि ते शहराने द्यायलाच हवं. पण आपली इमारत किती जाळते हे मोजून खरं सांगायला काय जड जातं? लोकल लॉ ८४चा दंड तिमाहीला ५०० डॉलर आहे, आणि तेवढा टळला की काम झालं, असं धरून हे फॉर्म भरले जातात. मला राग आहे तो याचा.

पुण्याला दादाशी बोलणं झालं. तो त्यांच्या सोसायटीचा सेक्रेटरी. म्हणाला, "अगं, आमच्याकडे फ्रिजला आणि एसीला स्टार असतात, इमारतीला कोण विचारतंय?" तसे भारतातही नियम आहेत. मोठ्या व्यापारी इमारतींसाठी २००७पासून ईसीबीसी ही ऊर्जाबचतीची संहिता आहे, घरांसाठी २०१८ची इको-निवास संहिता आहे. पण त्यांचा भर नव्या बांधकामावर. उभ्या असलेल्या सोसायटीला दरवर्षी हिशोब मागणारं कुणी नाही. मी दादाला म्हटलं, कुणी मागायची वाट कशाला बघतोस? लिफ्ट, पंप, पार्किंगचे दिवे यांचं कॉमन मीटरचं बिल घे, बारा महिन्यांचे युनिट मांड, चौरस फुटाने भाग आणि शेजारच्या सोसायटीच्या आकड्याशी ताडून बघ. त्याने बघितलं. त्यांचा पंप टाकी भरल्यावरही चालू राहतो, हे त्याला त्यातून कळलं.

आता १ मे जवळ आला आहे. यंदाचा फॉर्म मी आणि सुपर बसून भरतोय, एकेक मीटर नंबर बिलाशी ताडून. तुमच्यापैकी ज्यांची इमारत पंचवीस हजार चौरस फुटांच्या वर आहे, त्यांनी आधी तळघरात जाऊन सगळ्या मीटरचे फोटो काढा आणि एजंटकडून मागच्या वर्षीच्या फॉर्मची प्रत मागून घ्या. रविवारी सकाळी अकरा वाजता मी आमच्या लॉबीत आहे. दोन्ही घेऊन या, चहा माझ्याकडे, आपण मिळून जुळवून बघू.