सही करणारा आणि अर्ज करणारा

इंग्लंडात राहून मी गेली काही वर्षे पुण्यातल्या झाडांच्या बाजूने सह्या करीत आलो आहे. गणेशखिंड रस्त्याचे रुंदीकरण असो की मुळा-मुठेच्या काठचा प्रकल्प, वृक्षतोडीविरुद्धचे निवेदन पुरते वाचून होण्याआधीच माझा पाठिंबा गेलेला असतो. या मे महिन्यात मात्र कोथरूडच्या घरी आईच्या खोलीवर कललेला गुलमोहर उतरवायला मी दादाला मदत करीत होतो, आणि बुंध्यावरची नोटीस वाचून हरकत घेणाऱ्या शेजारच्या काकांच्या तोंडी सगळी माझीच वाक्ये होती.

कायद्याविषयी माझी तक्रार नाही. १९७५ चा वृक्षसंरक्षण अधिनियम स्वतःच्या अंगणातले झाडही परवानगीवाचून तोडू देत नाही, आणि २०२१ च्या दुरुस्तीने ५० वर्षांपुढील झाडांना वारसा वृक्ष मानले, हे योग्यच झाले. इंग्लंडातही संरक्षण आदेश असलेल्या झाडाला हात लावायचा तर कौन्सिलची संमती लागते. (तिकडे सगळेच शहाणे आहेत असे नाही, शेफील्डमध्ये रस्तेदुरुस्तीच्या कंत्राटापायी हजारो झाडे गेली.) फरक मला जाणवला तो वादाच्या सुरुवातीत. माझ्या तिथल्या शेजाऱ्याच्या ओकवरून कुरबुर झाली, तेव्हा वृक्षतज्ज्ञाने येऊन हातोडीने बुंधा चहूबाजूंनी वाजवून पाहिला, माथ्याचा भार हलका करा आणि तीन वर्षांनी पुन्हा तपासून घ्या असे लिहून दिले, आणि ओक आजही उभा आहे.

आमच्या गुलमोहराला कुणी कधी वाजवून पाहिले नव्हते. काका झाडाच्या बाजूने बोलत होते, दादा घराच्या. बुंध्याच्या तळाशी आलेल्या तपकिरी अळंबीकडे दोघांपैकी एकाचेही लक्ष नव्हते. परवानगी आल्यावर तोडणाऱ्याने चढण्यापूर्वी कुऱ्हाडीच्या दांड्याने बुंध्यावर ठोकले, तेव्हा रिकाम्या पिंपासारखा आवाज आला. एकेक फांदी दोराने बांधून, पाण्याची टाकी सांभाळत आम्ही खाली घेतली. बुंधा आडवा झाला तेव्हा आतल्या भुसभुशीत काळ्या ढोलीत दादाचा हात कोपरापर्यंत गेला.

गुलमोहराचे लाकूड मुळातच ठिसूळ आणि मुळे उथळ, हे खरे. पण बुंध्याला भिडवून पेव्हर ब्लॉक बसवताना त्याची मुळे छाटली गेली आणि पावसाचे पाणी मातीत मुरायचे थांबले, त्याचा दोष झाडाच्या जातीवर ढकलता येणार नाही. ते ब्लॉक गाडीसाठी आम्हीच बसवले होते, आणि त्याचे पैसे मीच तिकडून पाठवले होते. त्या कामाला ना कुणाची परवानगी लागली, ना कुणी हरकत घेतली. मीही एखाद्या निवेदनात त्याविषयी ओळ वाचल्याचे मला आठवत नाही.

दुसऱ्या दिवशी मी आणि दादाने कडुनिंबाभोवतीचे ब्लॉक हातभर अंतरापर्यंत पहारीने उचकटले. खालची माती विटेसारखी कडक झाली होती. गाडी आता कुठे लावायची, एवढेच वहिनीने विचारले.